लिफ्टच्या पुस्तकातलं मुकं दार

आमच्या भाषांतराच्या कचेरीत तिला सगळे कानसेन म्हणतात. हे नाव तिच्या दादाने ठेवलं. कचेरी टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे, आणि सुरुवातीला दादा तिला जिन्यापर्यंत सोडायला यायचा. एकदा ती अर्ध्या जिन्यात थांबली आणि म्हणाली, "आज साहेबांनी नवे बूट घातलेत." वरच्या फरशीवर कोणीतरी चालत होतं एवढंच दादाला ऐकू येत होतं. त्याने वर डोकावून पाहिलं, बूट खरंच नवे होते. "बरं कानसेन, जा आता वर," तो म्हणाला. हे टायरवाल्याने ऐकलं, आणि टायरवाल्याने ऐकलेलं काहीच त्याच्या दुकानापुरतं राहत नाही.

कानसेन चिनी भाषेतून यंत्रांची माहितीपुस्तकं आपल्या भाषेत आणते. पंप, शिलाई यंत्रं, दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या, लिफ्ट. तिच्या शेजारचं टेबल माझं. कुठल्या चिनी शब्दाला आम्ही कुठला शब्द वापरायचा ठरवलंय, ते सांभाळणं माझं काम. साहेब आतल्या खोलीत बसतात. आणि संगणक बिघडला की वायरमन येतो. वायरमनने आयुष्यात विजेच्या खांबाला हात लावलेला नाही. पण त्याच्या खिशातून नेहमी एखादी वायर लोंबत असते, म्हणून ते नाव. जुळ्या मुलींचा बाप आहे आणि तरीही शांत स्वभावाचा आहे, यातच त्याचं कौतुक आलं.

कानसेन चिनी शिकली ती डोळ्यांनी. त्या लिपीत आपल्यासारखी बाराखडी नसते. हजारो अक्षरं असतात, आणि बहुतेक प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. पण ती हजारो अक्षरं थोड्याच घटकांतून बांधलेली असतात. पाण्याशी संबंध असेल तर अक्षराच्या डावीकडे तीन थेंब, झाडपाल्याशी असेल तर डोक्यावर गवत. जुन्या कोशकारांनी असे दोनशे चौदा घटक ठरवले आणि त्यांच्याखाली सगळी अक्षरं लावून टाकली. आम्ही त्यांना मूळखुणा म्हणतो. काही मूळखुणा म्हणजे नुसते तुकडे, एकट्याने कधी येत नाहीत. काही मात्र स्वतःच चांगले धडधाकट शब्द आहेत: हात, पाणी, माणूस, दार, तांदूळ. कॉलेजात इतर मुलं मूळखुणांच्या नावाने बोटं मोडत, ही मात्र त्या पहिल्या दोन महिन्यांत पाठ करून बसली होती.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि तिशीच्या आतच नजर विझत गेली. आधी कडा गेल्या, मग मध्य. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. घरी येणारा जाणारा "आता कसं गं होणार" म्हणून उसासे टाकू लागला, तेव्हा तिने सासूबाईंना सांगून ठेवलं, "येईल त्याला चहा द्या, पण रडू देऊ नका. माझे डोळे गेलेत, चिनी कुठे गेली नाही."

तिचा नवरा बस आगारात मेकॅनिक. त्याला चिनीचं ओ की ठो कळत नव्हतं. तरी आगारातून आला की हात धुऊन तो तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसायचा आणि अक्षरं जशी दिसतील तशी सांगायचा. "डावीकडे तीन थेंब. उजवीकडे वर टोपी, खाली खुर्ची मोडल्यासारखं काहीतरी."

"खुर्चीचे पाय आत वळलेत की बाहेर?"

"एक आत, एक बाहेर."

"कळलं. पुढे."

असं एक अख्खं पुस्तक त्यांनी मिळून पार पाडलं. ते एका मिक्सरचं होतं. नवरा अजून सांगतो, की त्या मिक्सरचं एकही अक्षर मला वाचता येत नाही, पण कुठलंही रस्त्यात भेटलं तर ओळखेन.

मग वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आला. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो, चिनीसुद्धा. कानसेनने त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय की आम्हाला ती नुसती किरकिर वाटते. ती मात्र एका कानात किरकिर घेऊन, दुसरा कान आमच्या गप्पांना देऊन, सरळ टाइप करत असते. मधूनच आमच्या गप्पांतली चूकही काढते.

तर त्या वर्षी लिफ्टचं पुस्तक आलं. एका रुग्णालयात स्ट्रेचर मावेल अशी मोठी लिफ्ट बसवायची होती. लिफ्ट येऊन पडली होती, बसवणारे आले होते, आणि भाषांतर हातात आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असं रुग्णालयाच्या इंजिनियरने बजावलं होतं. पुस्तक पीडीएफमध्ये होतं. नेहमीप्रमाणे त्यातला मजकूर आमच्या प्रोग्रॅममध्ये ओतला आणि कानसेनने कान लावला.

थोड्या वेळाने तिची किरकिर थांबली. मी पाहिलं, ती एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकत होती, तीही वेग कमी करून.

"अगं, जरा इकडे ये," ती म्हणाली. "मला ही ओळ वाचून दाखव."

मला चिनी येते, पण कानसेनइतकी नाही. मी सावकाश वाचलं. अर्थ असा होता: वीज नसेल तेव्हाच दार हाताने उघडावं.

"आता हा काय म्हणतो ते ऐक." तिने हेडफोनची वायर काढली. खोलीभर यंत्राचा आवाज आला. चिनीत तो जे म्हणाला त्याचा सरळ अर्थ असा होता: वीज वेळी उघडता येईल.

मी पडद्याकडे पाहिलं. अक्षरं जागच्या जागी होती. 'नाही' होतं, 'तेव्हाच' होतं, 'हात' होता, 'दार' होतं. एकही गळलेलं नव्हतं.

"सगळं दिसतंय," मी म्हटलं.

"दिसत असेल. वाजत नाहीये."

साहेब आतून आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ नाक नेलं. "कानसेनबाई, सगळं आहे की इथे. तुमचा बोलका पोपट म्हातारा झाला. नवा आवाज टाकून घेऊ."

"आवाज म्हातारा झाला तर सगळीकडे अडखळेल, साहेब. हा ठरावीक शब्दांवरच गप्प बसतो. हात, माणूस, मोठा, लहान, उंच. बाकी सगळं घडाघडा बोलतो. आणि गप्प बसतो ते सगळे शब्द मूळखुणा आहेत."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

मी माझ्या टेबलावर गेले. मला एक वेगळीच शंका आली होती. मी 'दार' हा शब्द टाइप केला आणि त्या फाइलमध्ये शोधायला लावला. उत्तर आलं: सापडलं नाही. दीडशे पानांचं लिफ्टचं पुस्तक, दर पानावर मला माझ्या डोळ्यांनी दारं दिसत होती, आणि यंत्र म्हणत होतं की यात दारच नाही. म्हणजे हा कानसेनच्या पोपटाचा प्रश्न नव्हता. माझ्या शब्दांची जुळणीही सकाळपासून अर्धवट होत होती.

"पोपट निर्दोष आहे," मी म्हटलं. "मलाही दार सापडत नाही."

कानसेन हसली. "चला, सोबत मिळाली."

तिच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. कुठल्याही अक्षरावर थांबून एक कळ तीनदा दाबली, की त्या अक्षराचा संगणकातला क्रमांक तो इंग्रजी आकडे-अक्षरांत सांगतो. तिने फाइलमधल्या 'हात'वर कळ दाबली. "टू एफ थ्री एफ," आवाज म्हणाला. मग तिने स्वतः 'हात' टाइप केला आणि पुन्हा दाबली. "सिक्स टू फोर बी."

"दोन हात," ती म्हणाली. "वायरमनला बोलवा."

वायरमन आला, वायर खिशात कोंबत बसला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्याने पहिल्यांदा कुठला आवाज काढला असेल तर तो "अरेच्चा" असा, अगदी हळू.

"त्याचं असं आहे," तो म्हणाला. "संगणकाला अक्षर दिसत नसतं, त्याला फक्त क्रमांक कळतो. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक आहे. चिनीचे क्रमांक देताना त्यांनी मूळखुणांना दोनदा क्रमांक दिले. एक शब्द म्हणून, आणि एक नुसती खूण म्हणून."

"दोनदा कशाला?" साहेबांनी विचारलं.

उत्तर कानसेनने दिलं. "कोशासाठी, साहेब. कोशात वर मथळा असतो: इथून पुढे हाताची अक्षरं. तिथला 'हात' म्हणजे शब्द नव्हे, ती कप्प्यावरची चिठ्ठी. ज्याला मूळखुणांबद्दलच बोलायचंय त्याला ती वेगळी लागते."

"बरोबर," वायरमन म्हणाला. "पण फॉन्ट बनवणारा दोन्हींसाठी चित्र एकच वापरतो. कशाला दोनदा काढेल? आता पीडीएफमध्ये असतात ती चित्रं. पीडीएफ बनवताना प्रोग्रॅम प्रत्येक चित्राशेजारी त्याचा क्रमांक नोंदवतो. क्रमांक निघतात दोन. लिफ्टवाल्यांच्या प्रोग्रॅमने आधी येणारा उचलला. आणि मूळखुणांचे क्रमांक शब्दांच्या आधी येतात."

"म्हणजे पुस्तकभर शब्दांच्या जागी चिठ्ठ्या आल्या," साहेब म्हणाले.

"आणि माझ्या पोपटाला चिठ्ठी वाचायला कोणी शिकवलं नाही, म्हणून तो ती गिळतो," कानसेन म्हणाली. "आता यावर औषध सांगा."

औषध होतं. क्रमांक ठरवणाऱ्यांनी त्या दोनशे चौदा खुणांपैकी प्रत्येकीचा खरा शब्द कोणता, हेही नोंदवून ठेवलेलं आहे. ती नोंद वापरून मजकूर सारखा करून देण्याची सोय जवळजवळ सगळ्या संगणकांत असते. वायरमनने दोन ओळी लिहिल्या, फाइल त्यातून काढली, आणि विजयी चेहऱ्याने खुर्ची मागे सरकवली.

कानसेनने तीच ओळ लावली. यंत्र स्वच्छ बोललं: वीज नसेल तेव्हाच हाताने उघडावं.

'नाही' आलं होतं, 'तेव्हाच' आलं होतं, 'हात' आला होता. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"थांबा," कानसेन म्हणाली. "काय उघडावं?"

तिने ती ओळ पुन्हा लावली.

"दार कुठाय?"

मी शोधून पाहिलं. सापडलं नाही. लिफ्टच्या पुस्तकात सगळं होतं, फक्त दार नव्हतं. वायरमनचा चेहरा पडला. कानसेन मात्र आता रंगात आली होती. तिने पुढची पानं ऐकायला सुरुवात केली आणि जिथे जिथे भोक पडलेलं तिथे तिथे मला थांबवून विचारलं. पंख्याच्या चिनी शब्दातला 'वारा' गप्प होता. 'लांब' गप्प होतं. जिथे 'बारावं पान पाहा' असं होतं तिथे यंत्र नुसतं "बारावं" म्हणून पुढे जात होतं.

"बारावं काय?" ती म्हणाली. "हा बारशाचं आमंत्रण देतोय की काय?"

मग ती हात बांधून स्वस्थ बसली. तिची विचार करायची ही रीत. खाली टायरवाला हवा भरत होता तेवढाच आवाज.

"दार, वारा, लांब, पान, पाहा," ती शेवटी म्हणाली. "हे सगळे सोपे केलेले शब्द आहेत. पूर्वी या अक्षरांत भरपूर रेघा होत्या, नंतर कमी केल्या. दोनशे चौदांत जुनी रूपं आहेत. जुनं दार त्या यादीत आहे, हे नवं दार नाही. वायरमन, या नव्या रूपांना खुणा म्हणून क्रमांक कुठे दिलेत ते बघा. वेगळ्या खोलीत असणार."

वायरमनने पाहिलं. खरंच वेगळ्या खोलीत होते. दोनशे चौदांच्या अलीकडे एक पुरवणी होती, शंभराहून थोड्या जास्त खुणांची: सोपी झालेली रूपं, बाजूला चेपलेली रूपं, डोक्यावर बसणारी रूपं. आणि मेख अशी, की या पुरवणीत एखाद-दुसरी सोडली तर कुठल्याच खुणेचा खरा शब्द कोणता, हे कोणी नोंदवलेलंच नव्हतं.

"मग सरसकट नियम लावता येणार नाही," वायरमन म्हणाला.

"लावूही नये," कानसेन म्हणाली. "तीन थेंब त्या पुरवणीतच असणार. ते काही शब्द नव्हेत. त्यांच्या जागी 'पाणी' बसवलंत तर उद्या कोशाचं काम आलं की बोंब होईल. एकेक बघावी लागेल."

"तेवढा वेळ आहे का?" साहेबांनी विचारलं. रुग्णालयाच्या इंजिनियरचा सकाळीच फोन येऊन गेला होता.

"हे दुपारपर्यंत करते. भाषांतरासाठी तुम्ही त्यांना शनिवार संध्याकाळ सांगा."

मी पडद्यावर एकेक खूण मोठी करून वर्णन करू लागले, आणि ती ठरवू लागली. मला सगळ्यांची नावं माहीत नव्हती, म्हणून मी दिसेल तसं सांगत होते. "चौकट, वर डाव्या कोपऱ्यात टिंब."

"दार. शब्द आहे, बदला."

"उभी रेघ आणि तिच्या बाजूला एक चाकू."

"तुकडा. असू दे."

"गवताचं डोकं."

"तुकडा."

"काहीतरी फडफडतंय, आत फुली आहे."

"वारा. बदला. तू माझ्या नवऱ्यापेक्षा बरं सांगतेस, पण त्याला हे सांगू नकोस."

वायरमन तिच्या तोंडून निघेल तसं एका कोष्टकात टाइप करत होता. दोन ठिकाणी ती अडली. तिथे तिने ताठा दाखवला नाही, सरळ म्हणाली, "याची मला खात्री नाही, कोश उघड." मी उघडला. एकीत ती बरोबर होती, दुसरीत नव्हती. "बरं झालं विचारलं," म्हणून ती पुढे गेली.

जेवणाच्या सुट्टीच्या आधीच काम झालं. तिने ओळ लावली. यंत्र म्हणालं: वीज नसेल तेव्हाच दार हाताने उघडावं. वायरमनने सुस्कारा सोडला. तिने मात्र पुस्तकाची आणखी बरीच पानं ऐकली, मधूनमधून उघडून, कुठलीही, आणि मगच डबा उघडला.

साहेबांचं म्हणणं होतं, की काम झालं, विषय संपला. कानसेनचं म्हणणं वेगळं होतं. "ही फाइल फक्त आपल्याकडे आलेली नाही. लिफ्ट विकणारा ती सगळीकडे पाठवत असणार. कोणीतरी यंत्राला भाषांतर करायला लावेल आणि यंत्र लिहील, वीज असताना उघडा. मला कारखान्याशी बोलायचंय."

साहेब जरा कचरले. गिऱ्हाइकाला माल पुरवणाऱ्या कारखान्याला चूक दाखवणं त्यांना जड जात होतं. पण "मी गोड बोलेन" असं तिने म्हटल्यावर त्यांनी फोन जोडून दिला. पलीकडे कारखान्याची पुस्तकं तयार करणाऱ्या बाई होत्या, आवाजावरून कामात बुडालेल्या. कानसेनने चिनीत सगळं समजावलं. मी बाजूला बसून ऐकत होते.

"आमची पुस्तकं तीन जण तपासतात," त्या बाई म्हणाल्या. स्वर सभ्य होता, पण दार लावून घेतल्यासारखा.

"तपासली असणारच. वाचायला ती निर्दोष आहेत," कानसेन म्हणाली. "माझी एकच विनंती आहे. तुमच्या समोर ती फाइल आहे ना? तिच्यात 'दार' शब्द शोधून बघता?"

कळा वाजल्या.

"शून्य दाखवतंय," बाई म्हणाल्या.

"लिफ्टचं पुस्तक आहे ना ते?"

पलीकडून आधी श्वास ऐकू आला आणि मग मनापासूनचं हसू. "थांबा, थांबा. मी 'हात' बघते. हातही नाही. अहो, माणूसही नाही."

"माणूस नाही, हात नाही, दार नाही," कानसेन म्हणाली. "तरी लिफ्ट चालते म्हणजे चांगली बनवलीय तुम्ही."

त्यानंतर दोघींचं जमलं. त्या बाईंनी आठवड्याभरात फाइल बनवण्याची पद्धत बदलली, जुनी पुस्तकं नव्याने काढली, आणि ज्यांना ज्यांना आधीची गेली होती त्यांना कळवलं. त्यांनी एक गोष्ट विचारली, ती कानसेनने आम्हाला नंतर सांगितली. "तुमच्या कसं लक्षात आलं? आमच्याकडे कोणालाच दिसलं नाही." कानसेन म्हणाली, "मलाही दिसलं नाही," आणि मग कारण सांगितलं. त्यावर पलीकडे "बिचारी" वगैरे काही झालं नाही. त्या बाईंनी लगेच विचारलं, की मग आमची पुढची पुस्तकं बाहेर पाठवण्याआधी तुम्ही ऐकाल का? ते काम अजून चालू आहे.

भाषांतर शनिवारी संध्याकाळी नाही, पण सोमवारी सकाळी रुग्णालयात पोचलं. लिफ्ट बसली. तिच्या दाराबद्दल कोणाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

आमच्याकडे मात्र रीत बदलली. आलेली प्रत्येक फाइल आधी वायरमनच्या चाळणीतून जाते आणि मग कानसेनच्या कानातून. साहेबांनी हे दारावर लिहून लावायचं ठरवलं होतं, तर ती म्हणाली, "लिहून कशाला लावता, मी इथे बसलेय ना." नव्या लोकांना ती पहिल्याच दिवशी हेडफोन घालायला लावते, पडदा बंद करते आणि एक पान ऐकवते. कोणाला भोक सापडलं, कोणाला नाही, यावर ती कोणाला जोखत नाही. "ऐकायची सवय लागते," एवढंच म्हणते.

वायरमनने पुरवणीचं ते कोष्टक सर्वांसाठी खुलं करून टाकलं. कुठून कुठून लोक त्यात दुरुस्त्या सुचवतात. त्या कानसेनकडे येतात. काही ती मान्य करते, काहींवर भांडते. परवा एका खुणेवरून तिचं कुठल्यातरी प्राध्यापकांशी चांगलंच जुंपलं होतं. दोघंही हार मानायला तयार नव्हते, आणि दोघंही खुशीत होते.

या आठवड्यात भाताच्या गिरणीचं पुस्तक आलंय. ती सकाळपासून हेडफोन लावून बसलीय. मघाशी मी विचारलं, "काय म्हणतंय?"

"तांदूळ वाजतोय," ती म्हणाली आणि पुढचं पान लावलं.